आठवड्याचे अठ्ठावीस तास

योकोहामाच्या मिदोरी वॉर्डात किरिगाओका नावाची टेकडीवरची वसाहत आहे. जेआर योकोहामा लाइनच्या टोकाइचिबा स्टेशनवर उतरून बस धरली की तिथं पोचता येतं. बसमध्ये मागच्या सीटवर मराठी ऐकू आली तर दचकायचं कारण नाही. २००९ मध्ये इंडिया इंटरनॅशनल स्कूलची शाखा इथं सुरू झाली, सीबीएसईचा अभ्यासक्रम आला, आणि आयटीतली भारतीय कुटुंबं एकापाठोपाठ एक याच टेकडीवर घर शोधू लागली. या घरांतल्या नवऱ्याला विचारा, काय करता? तो कंपनी, प्रोजेक्ट, पद सांगतो. बायकोला विचारा. 'हिंजवडीत होते.' 'टेस्टिंग लीड होते.' 'लग्नाआधी बँकेत होते.'

तिशीच्या आतबाहेरची, शिकलेली, कमावलेली मुलगी स्वतःच्या कामाबद्दल निवृत्त माणसासारखी बोलते, हे मला सहन होत नाही. तिच्या भोवतीची माणसं ते ऐकून मान डोलावतात, हे तर अजिबातच नाही.

आधी कायदा पाहू. नवरा कामाच्या व्हिसावर येतो, बायको 'डिपेन्डन्ट' म्हणून. तिच्या रेसिडेन्स कार्डाच्या पुढच्या बाजूला छापलेलं असतं की या व्यक्तीला काम करता येणार नाही. काम करायचं असेल तर वेगळी परवानगी काढावी लागते. ती मिळाली की कार्डाच्या मागच्या बाजूला शिक्का बसतो: आठवड्याला २८ तासांपर्यंत. २९ वा तास भरला तर पुढच्या वेळी व्हिसा वाढवताना अडचण येऊ शकते, म्हणून बायका घड्याळाकडे बघत काम करतात. कानागावा प्रांतात २०२४ च्या ऑक्टोबरात किमान वेतन तासाला ११६२ येन ठरलं. त्या दरानं २८ तासांचे आठवड्याला ३२ हजार ५३६ येन होतात. कामं ठरलेली: कोनबिनी दुकानाचा काउंटर, बेंतोचे डबे भरणारा कारखाना, हॉटेलातल्या खोल्या आवरणं, नशीब असेल तर मुलांना इंग्रजी शिकवणं. यातलं एकही काम कमी दर्जाचं नाही. ज्या मुलीनं चार वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन शिकून त्यात नोकरी केली, तिच्यापुढे एवढंच ताट का वाढलं जातं, हा माझा प्रश्न आहे.

पुढची गोष्ट या वसाहतीत फारशी कुणी मोठ्यानं बोलत नाही. ते २८ तासही पुरते वापरले जात नाहीत. नवऱ्याच्या आरोग्यविम्यात आणि पेन्शनमध्ये बायको फुकट धरली जाते, ती साधारण वर्षाला १३ लाख येन मिळकतीपर्यंतच. त्याच दरानं वर्षभर २८ तास भरले तर १६ लाख ९१ हजारांच्या पुढे जातात. म्हणजे भिंत ओलांडली, विम्याचा हप्ता तिच्या पगारातून जाणार. मग घरातला हिशेब सांगतो, कशाला? एकवीस तासच कर. कायद्यानं २८ दिले होते, घरानं सात कापले. आपला पगार वाढला तर घराचं नुकसान होतं असं एका कमावत्या बाईला पटवून देणारी ही व्यवस्था आहे, आणि जपानी बायकाही तिच्यात तितक्याच अडकल्या आहेत.

ही भिंत कधी उभी राहिली? १९८६ च्या एप्रिलमध्ये. त्याच महिन्यात जपानचा नोकरीतल्या समान संधीचा कायदा लागू झाला, आणि त्याच महिन्यात पेन्शनची नवी रचनाही लागू झाली, जिच्यात पगारदाराच्या बायकोला एक येनही न भरता मूळ पेन्शन मिळू लागली. एका हातानं दार उघडलं, दुसऱ्या हातानं बाईला आत राहण्याचं बक्षीस दिलं. बक्षीस जिंकलं. चाळीस वर्षं होत आली तरी जपानचे पक्ष त्या भिंतीची उंची किती असावी यावर भांडतात. ती पाडायची का, हा प्रश्न मागेच राहतो.

या व्हिसाच्या नियमात 'बायको' असं कुठंही लिहिलेलं नाही. 'जोडीदार' आहे. बायकोला योकोहामात नोकरी लागावी आणि नवऱ्यानं डिपेन्डन्ट म्हणून यावं, याला जपान सरकारची काहीच हरकत नाही. हरकत आहे ती कोथरूडची, नाशिकची, सांगलीची. 'जावई बायकोच्या व्हिसावर गेलाय' हे वाक्य लग्नाच्या पंगतीत म्हणून बघा. म्हणून दोघांनाही परदेशाची संधी आली तर दोघांपैकी एकाचं करिअर पुढे न्यायचं असं ठरतं, आणि तो 'एक' दर वेळी तोच निघतो. याला समजूतदारपणा म्हणतात. हा समजूतदारपणा इतक्या घरांत इतक्या नेमकेपणानं एकाच बाजूला कसा झुकतो, याचं उत्तर टोकियोच्या इमिग्रेशन कार्यालयात मिळणार नाही.

नवऱ्यांचं काय? त्यांचीही मान मोकळी नाही, हे मी मनापासून मानतो. नोकरी सुटली की चौदा दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं. तीन महिने त्या कामाविना राहिलं तर राहण्याची परवानगीच काढून घेतली जाऊ शकते. त्याच्या एका नोकरीवर तिचा आणि मुलांचा मुक्काम टांगलेला. मॅनेजर कितीही वाईट निघाला तरी तो राजीनामा देत नाही, रात्री अकराची लोकल धरतो, आणि गावाकडच्या बापाच्या घराचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला पाठवतो. मुलगा म्हणून जन्मल्याबरोबर त्याला कुणी विचारलं नाही की एवढं ओझं उचलशील का. फक्त त्याच्या ओझ्याला पदोन्नती मिळते, पेन्शन मिळते, आणि ते ओझं उचलल्याबद्दल मान मिळतो.

तिच्या बाजूला आणखी एक धोका आहे आणि तो स्पष्ट सांगायलाच हवा. लग्न मोडलं की डिपेन्डन्ट म्हणून राहण्याचा आधारच जातो. ज्या घरात मार आहे, त्या घरातून बाहेर पडणं म्हणजे देशातूनही बाहेर पडणं ठरू शकतं. मुलगी परदेशी गेली म्हणून पेढे वाटणाऱ्या आईबापांनी हे नीट वाचावं.

आता त्या रेल्वेकडे वळतो, कारण तिच्यावाचून ही गोष्ट अर्धी राहील. टोकाइचिबाहून जाणारी योकोहामा लाइन १९०८ च्या सप्टेंबरात सुरू झाली. माणसांची ने-आण हा तिचा मूळ हेतू नव्हता. हाचिओजीकडून योकोहामा बंदरापर्यंत कच्चं रेशीम आणायचं, यासाठी इथल्या रेशीम व्यापाऱ्यांच्या पुढाकारातून ती बांधली गेली. १८५९ मध्ये हे बंदर परदेशी व्यापाराला उघडलं आणि पुढची अनेक दशकं जपानची सगळ्यात मोठी निर्यात होती रेशमाची. १९०९ च्या सुमारास जपाननं चीनलाही मागे टाकलं. यंत्रं, पोलाद, युद्धनौका घ्यायला जे परकीय चलन लागलं, त्यातला मोठा वाटा या धाग्यानं मिळवला. आज आपण ज्याला विकसनशील देश म्हणतो, तसाच तेव्हाचा जपान होता. तिथं तो धागा काढत होत्या बारा-तेरा वर्षांपासून विशीपर्यंतच्या मुली.

त्यांचा करार कोण करत असे? बाप. कारखान्याचा माणूस डोंगरातल्या गावी जायचा, बापाच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवायचा, करारावर बापाचा शिक्का उठायचा, आणि मुलगी त्या कागदामागून चालत जायची. गिफु प्रांताच्या उत्तरेतल्या हिदा भागातल्या मुली १६७२ मीटर उंचीची नोमुगी खिंड ओलांडून नागानोच्या ओकायाला जात. तेरा-चौदा तासांचं काम, उकळत्या पाण्यात कोष, वाफेनं भरलेली खोली. मजुरी एकमेकींशी तुलना करून ठरे, म्हणजे एकीची वाढली की दुसरीची घटे. हिशेब वर्षअखेरीस. तो पैसा घेऊन मुली बर्फातून घरी परतायच्या आणि तो बापाच्या हाती द्यायच्या, म्हणजे नव्या वर्षाआधी घेणेकऱ्यांची तोंडं बंद व्हायची.

१९०९ च्या नोव्हेंबरात मासाई मिने नावाची वीस वर्षांची कामगार ओकायात आजारी पडली. तिचा भाऊ तिला पाठीवर बांधून घाटातून घरी नेत होता. नोमुगीच्या माथ्यावर, आपला हिदा दिसू लागल्यावर तिनं प्राण सोडला. यामामोतो शिगेमी यांनी साठच्या दशकात अशा शेकडो म्हाताऱ्या कामगार स्त्रियांना भेटून पुस्तक लिहिलं, १९६८ मध्ये ते आलं, आणि जपानला या मुली आठवल्या. त्या पुस्तकातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तिच्या मृत्यूची नाही. त्या म्हाताऱ्यांपैकी बहुतेकींनी सांगितलं की गेलो ते बरं झालं. घरी त्याहून वाईट होतं. कारखान्यात निदान भात मिळायचा. वर्षाला शंभर येन कमावणारी कामगार गावात मानाची ठरायची. कमाई ही त्यांची स्वतःची ओळख होती, भले त्यातला येनही त्यांच्या हाती राहत नसे. ज्यांना गरीब मुलींचं काम म्हणजे निव्वळ दुःख वाटतं, आणि ज्यांना कारखाना म्हणजे निव्वळ मुक्ती वाटते, त्या दोघांनीही या म्हाताऱ्यांचं ऐकावं. काम हवं होतं त्यांना. कराराच्या कागदावर स्वतःचं नाव नव्हतं, दुखणं तिथं होतं.

आणि त्या गप्प बसल्या असंही नाही. जपानमधला पहिला कारखान्यातला संप मानला जातो तो १८८६ चा, कोफूच्या रेशीम कारखान्यातला, आणि तो बायकांनी केला. १९२७ मध्ये ओकायातही मोठा संप झाला.

रेशमाच्या या प्रवासाचं दुसरं टोक योकोहामात सांकेइएन बागेत दिसतं. तळं, तीन मजली पॅगोडा, जुनी देवळं उचलून आणून मांडलेली. १९०६ मध्ये ती लोकांना खुली झाली. बाग वसवणारा हारा तोमितारो हा शहरातला मोठा रेशीम व्यापारी, १९०२ पासून तोमिओकाची सुप्रसिद्ध गिरणीही त्याच्याच हाती. हा तोमितारो जन्मानं हारा नव्हता. मूळचा गिफुतला, पेशानं शिक्षक. हारा घराण्याच्या नातीशी त्याचं लग्न झालं, त्यानं तिचं आडनाव घेतलं आणि पेढीचा मालक झाला. आपण ज्याला घरजावई म्हणून नाक मुरडतो, त्याला जपानी व्यापारी घराण्यांनी रीतसर गादीवर बसवलं. मला त्यात कौतुकही वाटतं आणि रागही येतो. कौतुक यासाठी की पुरुषानं सासरी जाऊन संसार करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. राग यासाठी की नात घरातच असताना पेढीसाठी पुरुष बाहेरून आणावा लागला. एकाच गिफु प्रांतातून एक मुलगा योकोहामाला मालक व्हायला आला आणि शेकडो मुली डोंगर ओलांडून धागा काढायला गेल्या. दोघांचंही भविष्य कुटुंबातूनच ठरलं. फरक काय पडला तो बाग बघून कळतो.

आपले लोकही त्या व्यापारात होते. योकोहामातल्या भारतीय व्यापाऱ्यांत मुख्यतः सिंधी, आणि रेशीम हा त्यांचा जीव. १९२३ च्या १ सप्टेंबरच्या भूकंपात शहर जमीनदोस्त झालं, व्यापारी कोबेला गेले, शहरानं त्यांना परत बोलावून घरं-दुकानं उभी करायला मदत केली. त्याची कृतज्ञता म्हणून यामाशिता पार्कमध्ये त्यांनी घुमटाचं पाणपोईसारखं सुंदर बांधकाम उभारलं. मुंबईचे पाहुणे तिथं फोटो काढतात. योकोहामा आणि मुंबई १९६५ पासून भगिनी शहरं आहेत. फोटो काढावेत. त्या पेढ्यांवर आलेला धागा कुठल्या मुलीच्या बोटांतून निघाला, हेही सोबतच्या मुलांना सांगावं.

बापाच्या हातावर आगाऊ रक्कम, मुलीच्या अंगावर ती फेडण्याची जबाबदारी, काम चुकलं की दंड. हे वाचताना बीडच्या वाचकाला 'उचल' आठवली असेल. आठवायलाच हवी. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम उचल देतो, ती घेतो पुरुष, आणि टोळीत मोजला जातो 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तोडणीचा पैसा जोडीचा, टनावर. बाई पहाटे उठून कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, भाकरी करते, मग फडात ऊस सवळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. मजुरीच्या वहीत तिचं नाव नसतं. एक दिवस खाडा झाला तर दंड उचलीतून कापला जातो, म्हणून पाळीच्या दिवसांतही काम, बाळंतपणानंतर लगेच काम. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायकांची गोष्ट देशभर पोचली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. बायका साध्या शब्दांत सांगतात: पिशवी काढली.

आणि जोडीला बाई लागते म्हणून मुलीचं लग्न लवकर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये ४३.७ टक्के. शाळा सुटलेली, फडात गेलेली, सोळाव्या वर्षी आई झालेली मुलगी चाळिशीपर्यंत कुठलं कौशल्य शिकणार, कुठल्या नोकरीला अर्ज करणार? तिच्या उपजीविकेचा निर्णय ती सातवीत असतानाच झालेला असतो.

त्याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. ती मुलं आता कुठं लग्नाच्या वयाला येताहेत; त्यांच्या आधी जन्मलेल्यांचं काय झालं ते सोलापुरात दिसलं. २०२२ च्या डिसेंबरात तिथं तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला: नोकरी नाही, शेतीवाल्याला मुलगी कुणी देत नाही, लग्न लावून द्या. लोक हसले. मला हसू आलं नाही. घरानं मुलींना जन्मू दिलं नाही आणि मुलांना 'पोसणारा' याशिवाय दुसरी भूमिका शिकवली नाही, त्याचं बिल ही मुलं भरत होती.

किरिगाओकाची एसी लावलेली बैठकीची खोली आणि बीडमधल्या गेवराईच्या बाईची कोपी एकाच मापात बसवू नका, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, दुःखाचं माप एक नाही. एकीचं शरीर झिजतं, दुसरीचं शिक्षण गंजतं. पण कागदाची रचना बघा. उचलीच्या वहीत बाई नवऱ्याच्या नावाखाली. ओकायाच्या करारात मुलगी बापाच्या शिक्क्याखाली. रेसिडेन्स कार्डावर बायको नवऱ्याच्या नोकरीच्या आधारानं. तिन्ही ठिकाणी कुटुंब हेच तिचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज आहे, आणि तिन्ही ठिकाणी तिथल्या खिडकीवर दुसरंच कुणी बसलेलं आहे.

शिक्षण दिलं की हे सुटतं, अशी आपली शंभर वर्षांची श्रद्धा आहे. तिचाही जपानशी संबंध आहे. टोकियोत १९०१ मध्ये स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे यांच्या हाती पडली आणि त्यातून १९१६ मध्ये पुण्यात आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. त्या काळात विधवांना आणि मुलींना उच्च शिक्षणाचं दार उघडणं हे मोठं धाडस होतं, अण्णांचं ऋण फिटणारं नाही. पण तेव्हाच्या जपाननं बाईला शिकवलं ते सुज्ञ माता आणि चांगली पत्नी व्हावी म्हणून, आणि अण्णांनीही स्त्रीचं कार्यक्षेत्र वेगळं धरूनच अभ्यासक्रम आखला. तो धागा अजून तुटलेला नाही. आज मुलगी बी.ई. होते, पॅकेज घेते, आणि तरी घराच्या डोक्यात तिची पदवी लग्नाच्या बायोडाटातली एक ओळ असते. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. विमानात बसल्यानं हा हिशेब बदलत नाही. उलट परदेशात धुणीभांडी करायला बाई नसते, तेव्हा तो आणखी घट्ट होतो.

मग मुलांना कोण सांभाळणार? किरिगाओकात ठरलेलं चक्र आहे. बाळंतपणाला तिची आई तीन महिने येते, ती गेली की सासूबाई. साठीतल्या बायका गुडघे सांभाळत जिने चढतात, जपानी लेबलं न वाचता येणाऱ्या दुकानात हळद शोधतात. उच्च कौशल्याच्या व्हिसाला सत्तर गुण भरले आणि घराचं उत्पन्न वर्षाला ८० लाख येन किंवा त्याहून जास्त असलं, तर सात वर्षांखालच्या मुलासाठी आईवडिलांना दीर्घ मुदतीनं आणता येतं, तेही एकाच बाजूचे. नवरा त्या व्हिसावर असला तर बायकोला ठरावीक क्षेत्रांत २८ तासांची मर्यादा न पाळता पूर्णवेळ नोकरी करता येते. वाट आहे, पण ती वाटही नवऱ्याच्या गुणांवर उघडते आणि म्हाताऱ्या बाईच्या बिनपगारी कष्टांवर चालते.

योकोहामाच्या महापालिकेनं एकदा दाखवून दिलंय की हे नशीब नसतं. २०१० च्या एप्रिलमध्ये इथं पाळणाघराच्या जागेसाठी ताटकळणारी १५५२ मुलं होती, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. महापौर होत्या हायाशी फुमिको. हायस्कूलनंतर नोकरीला लागलेल्या, होंडाच्या मोटारी विकत पुढे आलेल्या बाई. त्यांनी खासगी संस्थांना आत घेतलं, प्रत्येक वॉर्डात पालकांना जागा शोधून देणारे सल्लागार नेमले, आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये आकडा शून्यावर आला. शून्य मोजण्याच्या रीतीवर टीका झाली आणि ती रास्तही होती. तरी हजारो नव्या जागा खऱ्या होत्या आणि त्यात मुलं खरोखर ठेवली गेली. तीन वर्षांत.

आता आपल्या मुलींची गाठ इथं बसते. होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात, जागा देताना गुण मोजतात. दोन्ही पालक पूर्णवेळ नोकरीत असतील तर गुण जास्त, नोकरी शोधत असणाऱ्या आईचे कमी. म्हणजे नोकरी नाही म्हणून पाळणाघर नाही, पाळणाघर नाही म्हणून मुलाखतीला जाता येत नाही. या गाठीतून बाहेर पडलेल्या मराठी बायका आहेत. त्यांच्यात एक गोष्ट समान दिसते: जपानी येत होती. जपानीच्या परीक्षेत एन-टू पातळी गाठली आणि नोकरी मिळाली की कंपनीच्या मदतीनं व्हिसा बदलता येतो, डिपेन्डन्टचं कार्ड जाऊन स्वतःच्या नोकरीचं कार्ड येतं, आणि २८ तासांची मर्यादा त्या दिवशी संपते. पुणं हे जपानी शिकणाऱ्यांचं देशातलं जुनं, मोठं केंद्र. नवऱ्याला ऑनसाइटची चाहूल लागली की कंपनी त्याच्या भाषेच्या वर्गाचे पैसे भरते. बायकोच्या वर्गाचे का भरू नयेत? ज्या कंपनीला त्या माणसाचं कुटुंब सोबत हवं आहे, कारण कुटुंब असलं की तो टिकतो, तिनं कुटुंबातल्या दुसऱ्या इंजिनियरचाही खर्च करावा. आणि बायको ज्या कंपनीत आहे तिनं दोन वर्षांची बिनपगारी रजा आणि परतीची हमी द्यावी. मागितल्यावर काही ठिकाणी ती मिळते. मागत कुणी नाही, कारण घरानं राजीनामा आधीच लिहून ठेवलेला असतो.

लग्न ठरवायच्या बैठकीत मुलीच्या बापानं मुलाचा पगार विचारला की पुढचा प्रश्न हा विचारावा: जपानला गेलात तर हिचा व्हिसा कुठला, आणि तो बदलायला तुम्ही काय करणार? मुलानं उत्तर द्यावं. मुलीनं ते लिहून घ्यावं. परदेशातल्या मराठी मंडळांनी गणपती, दिवाळी पहाट यांच्या जोडीला वर्षातून एक संध्याकाळ रेसिडेन्स कार्ड, विमा आणि होइकुएनच्या अर्जासाठी ठेवावी, आणि तिथं नवऱ्यांनाही बसवावं.

आणि जे आत्ताच किरिगाओकात राहतात त्यांच्यासाठी. होइकुएनचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्याचे अर्ज आदल्या शरदात भरायचे असतात. नोकरीत असलेल्या पालकांना अर्जासोबत नोकरीचा दाखला लागतो. भाषेची परीक्षा जुलैत आणि डिसेंबरात असते. उलटं मोजत आलं तर पुढच्या एप्रिलसाठी नवऱ्यानं संध्याकाळी सहाला घरी येऊन मुलं ताब्यात घेण्याचा पहिला दिवस हा येता सोमवार आहे, कारण बायकोचा जपानीचा वर्ग सातला सुरू होतो.